व्हायरल लोडचा रिपोर्ट आणि वाढतं वय: नव्याने सोबत करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलाचे तुम्ही पालक असाल, आजी किंवा मामा असाल, किंवा एआरटी (एचआयव्हीवरच्या औषधोपचाराच्या) केंद्रात नुकतेच समुपदेशक म्हणून रुजू झाला असाल, तर व्हायरल लोडच्या रिपोर्टाशी तुमची गाठ लवकरच पडेल. कागदावर एकच आकडा असतो. पण तो बघून मोठी माणसं काय बोलतात, यावर मुलाच्या पुढच्या कित्येक महिन्यांच्या गोळ्या अवलंबून असतात.

माझं म्हणणं आधीच सांगतो. हा आकडा मुलाचा आहे. तो सगळ्यात आधी त्याला कळला पाहिजे आणि त्याच्याच कामी आला पाहिजे. आपण तो मुलांची चोरी पकडण्यासाठी वापरायला लागलो की मुलं गोळ्या लपवायला शिकतात, खोटं बोलायला शिकतात, आणि शेवटी केंद्रात यायचंच थांबतात. खालच्या सगळ्या पायऱ्या याच समजुतीवर उभ्या आहेत.

पहिली पायरी: आकडा स्वतः नीट समजून घ्या

व्हायरल लोड म्हणजे रक्तातल्या प्लाझ्माच्या एका मिलिलिटरमध्ये विषाणूच्या किती प्रती सापडल्या, त्याचं माप. उपचार न घेणाऱ्या माणसात हा आकडा हजारांत, लाखांत असू शकतो. एआरटीच्या गोळ्या रोज घेतल्या की विषाणूला नव्या प्रती तयार करता येत नाहीत आणि आकडा खाली येत जातो. हल्ली बहुतेक ठिकाणी पहिल्या पसंतीचं औषध असलेल्या डोल्युटेग्राव्हिरवर तो झपाट्याने उतरतो. नियमित गोळ्या घेणाऱ्या बहुतेकांच्या बाबतीत पहिल्या तीन महिन्यांतच मोठा फरक दिसतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये हे आकडे तीन गटांत मांडले, आणि नवख्यांनी ते तोंडपाठच करावेत. यंत्राला विषाणू सापडलाच नाही, तर 'अनडिटेक्टेबल'. सापडला, पण १००० किंवा त्याहून कमी प्रती आहेत, तर 'सप्रेस्ड', म्हणजे दबलेला. १००० च्या वर, तर विषाणू दबलेला नाही. यंत्रागणिक सापडण्याची किमान मर्यादा वेगळी असते. कुठे २०, कुठे ४० किंवा ५०. म्हणून एका प्रयोगशाळेचा रिपोर्ट 'सापडला नाही' म्हणतो आणि दुसरीकडचा '४० पेक्षा कमी' म्हणतो. मुलाच्या दृष्टीने दोन्ही बातम्या चांगल्याच.

आकड्याशेजारी कधीकधी 'लॉग' असंही छापलेलं असतं. ३ लॉग म्हणजे १०००, ५ लॉग म्हणजे १ लाख. साधारण अर्ध्या लॉगपेक्षा, म्हणजे सुमारे तिपटीपेक्षा, कमी फरक हा तपासणीतल्या नेहमीच्या चढउतारात मोडतो. मागच्या वेळी ३० होता, आता ६० आला, म्हणून कुणाला रागावण्यात काही अर्थ नाही. एखाद्या वेळी आकडा थोडा वर जाऊन पुढच्या तपासणीत पुन्हा खाली येतो. त्याला 'ब्लिप' म्हणतात.

सीडी४ या दुसऱ्या रक्ततपासणीशी याची गल्लत करू नका. सीडी४ शरीराची प्रतिकारशक्ती किती उरली आहे ते सांगतो, आणि तो सावकाश बदलतो. गोळ्या आपलं काम करत आहेत की नाहीत, हे व्हायरल लोड फार आधी सांगतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना २०१३ पासून उपचारांवर लक्ष ठेवण्यासाठी व्हायरल लोडलाच पहिली पसंती देत आली आहे.

आणखी एक गोष्ट मुलांना सांगावीच लागते. अनडिटेक्टेबल म्हणजे विषाणू गेला असं नव्हे. काही पेशींच्या आत तो निद्रिस्त राहतो, रक्ताच्या तपासणीत दिसत नाही. गोळ्या बंद केल्या की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांतच तो पुन्हा रक्तात दिसू लागतो. "आता बरं झालं ना, मग गोळ्या कशाला?" हा प्रश्न चांगला रिपोर्ट आल्यावर हमखास येतो. त्याचं उत्तर आधीच तयार ठेवा.

दुसरी पायरी: मुलाला आपला आजार माहीत आहे का?

पुष्कळ घरांत मुलाला "ही रक्तवाढीची गोळी आहे" असं सांगून वर्षानुवर्षं औषध दिलं जातं. कारण समजण्यासारखं असतं. आईवडिलांना भीती असते की मूल कुठेतरी बोलून बसेल, किंवा "मला हा आजार कुणाकडून आला?" असं विचारेल. पण नाव माहीत नसलेल्या आजाराचा आकडा मुलाला समजावता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा २०११ सालचा सल्ला स्पष्ट आहे: शाळकरी वयात, मुलाच्या समजेनुसार, टप्प्याटप्प्याने त्याला त्याचं निदान सांगावं.

लहान मुलाला आधी "तुझ्या रक्तात एक जंतू आहे, गोळी त्याला झोपवते" एवढंच पुरतं. बारा वर्षांच्या आसपास त्या जंतूचं नाव कळलेलं असावं. हे घरच्या माणसाने, मुलाच्या विश्वासातल्या कुणीतरी सांगणं उत्तम. समुपदेशकाने शेजारी बसावं. मुलं बऱ्याचदा आधीच ओळखून असतात आणि मोठे बोलायची वाट बघत असतात. सांगितल्यावर मूल गप्प बसलं तर त्या शांततेला वेळ द्या, आणि आठवडाभरात पुन्हा भेटा. पहिले प्रश्न बहुधा त्या दिवशी येत नाहीत.

जन्मापासून एचआयव्ही असलेलं मूल आणि वयात आल्यावर संसर्ग झालेला मुलगा किंवा मुलगी यांची परिस्थिती फार वेगळी असते, हेही इथेच लक्षात घ्या. पहिल्याला गोळ्यांशिवायचा एक दिवसही आठवत नाही. तो थकलेला असतो. दुसऱ्याला धक्का बसलेला असतो, अपराधी वाटत असतं, आणि कधीकधी त्यामागे जबरदस्तीही घडलेली असते. दोघांना एकच भाषण देऊन चालत नाही.

तिसरी पायरी: तपासणी कधी आणि कशी

साधारण वेळापत्रक असं: उपचार सुरू केल्यावर सहा महिन्यांनी पहिली तपासणी, बारा महिन्यांनी दुसरी, पुढे सगळं ठीक असेल तर वर्षातून एकदा. किशोरवयात गोष्टी पटकन बदलतात, म्हणून काही देशांत या वयासाठी तपासणी अधिक वेळा होते. तुमच्या केंद्राचा नियम विचारून घ्या.

रक्त हाताच्या शिरेतून घेतात, उपाशी राहावं लागत नाही. काही ठिकाणी बोटातून रक्ताचे थेंब घेऊन जाड कागदावर वाळवून पाठवतात. कागदावरच्या नमुन्यात पेशींमधला विषाणूही मोजला जाऊ शकतो, त्यामुळे कमी आकड्यांच्या बाबतीत ती पद्धत तेवढी अचूक नसते. तपासणी केंद्रातच करणारी छोटी यंत्रंही आली आहेत, दीड-दोन तासांत उत्तर देतात. दक्षिण आफ्रिकेत प्रौढांवर झालेल्या 'स्ट्रीम' या अभ्यासात, जो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, केंद्रातच झटपट तपासणी आणि जवळपास त्याच दिवशी निकाल मिळालेले लोक उपचारांत जास्त टिकले आणि त्यांचा विषाणूही जास्त प्रमाणात दबलेला राहिला. मुलांच्या बाबतीत मला हे आणखी महत्त्वाचं वाटतं. दोन महिन्यांनी कळलेला आकडा त्यांच्यासाठी जुन्या गोष्टीबद्दल असतो.

रक्त देताना मुलाला एक वाक्य जरूर सांगा: "निकाल कधी येईल आणि तो तुला कोण सांगेल." मग तो दिवस पाळा.

चौथी पायरी: निकाल सांगताना

मुलाला एकट्याने थोडा वेळ द्या. पालक बाहेर बसले तरी चालतं, आधी मुलाला विचारा, "आई आत असलेली आवडेल की बाहेर?" कागद त्याच्या हातात द्या. आकडा त्यालाच वाचू द्या. "याचा अर्थ काय असेल, असं तुला वाटतं?" असं विचारा आणि त्याचं उत्तर पूर्ण ऐका.

आकडा चांगला आला तर आपण "शाब्बास" म्हणतो आणि मोकळे होतो. तिथे थोडं थांबायला हवं. "हे तू कसं जमवलंस?" असं विचारा. मग मूल सांगतं: मोबाइलचा गजर, धाकट्या भावाने आठवण करून देणं, शाळेत निघण्याआधीची वेळ पक्की केलेली असणं. अडचणीच्या काळात हीच यादी उपयोगी पडते, म्हणून ती फाइलमध्ये लिहून ठेवा. मागचे रिपोर्ट एका साध्या आलेखावर मांडून दाखवले तर पुष्कळ मुलांचे डोळे चमकतात. खाली उतरलेली ती रेघ त्यांची स्वतःची कमाई असते.

या आकड्याला परीक्षेतल्या मार्कांसारखं वागवू नका. मार्क कमी पडले की मूल प्रगतिपुस्तक लपवतं, आणि इथेही तेच होतं. गोळ्या मोजण्याआधी काही मुलं उरलेल्या गोळ्या फेकून देतात, म्हणजे हिशेब बरोबर दिसतो. हे त्यांनी आपल्या रागावण्यातूनच शिकलेलं असतं.

पाचवी पायरी: आकडा १००० च्या वर आला तर

घाईने कुणाला दोष देण्याआधी तीन गोष्टी तपासा.

एक, वजन. वाढत्या वयात वजन भराभर वाढतं आणि औषधाचा डोस मागेच राहतो. टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर यांची एकत्रित गोळी ३० किलो वजनापासून देता येते. त्याखाली वेगळी रचना असते. प्रत्येक भेटीत वजन करा.

दोन, दुसरी औषधं. कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम किंवा आम्लपित्तावरची औषधं डोल्युटेग्राव्हिरला आतड्यातच अडवतात. ती घ्यायचीच असतील तर डोल्युटेग्राव्हिर त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावं. मुलींना शाळेत मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्यांबद्दल मुद्दाम विचारा. क्षयावरचं रिफॅम्पिसिन सुरू असेल तर डोल्युटेग्राव्हिर दिवसातून दोनदा लागतं. फिट्सवरची काही औषधंही त्याची रक्तातली पातळी उतरवतात. हे बदल डॉक्टरांनीच करायचे. तुमचं काम आहे विचारणं आणि त्यांच्या कानावर घालणं.

तीन, गोळ्या प्रत्यक्ष पोटात जातात का. डोल्युटेग्राव्हिरवर असलेल्या मुलात आकडा वाढला तर बहुतेक वेळा गोळ्या चुकलेल्या असतात. विषाणूला औषध न जुमानण्याची सवय लागणं या औषधावर कमी घडतं. कमी म्हणजे कधीच नाही, असं मात्र नव्हे.

यानंतरची रीत ठरलेली आहे: तीन महिने जास्तीचं समुपदेशन, मग पुन्हा तपासणी. दुसराही आकडा १००० च्या वर राहिला तर औषध बदलायचं का, हे डॉक्टर ठरवतात. सोय असेल तिथे प्रतिरोधाची, म्हणजे विषाणू औषधाला जुमानेनासा झाला आहे का याची, तपासणीही करतात. ही तपासणी मूल गोळ्या घेत असतानाच करायची असते, कारण बंद करून काही आठवडे गेले की प्रतिरोधाच्या खुणा झाकल्या जाऊ शकतात. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे एफाव्हिरेन्झ किंवा नेव्हिरापिनवर आधारलेल्या गोळ्यांवर असलेल्या मुलात मात्र पहिलाच आकडा १००० च्या वर आला तरी औषध बदलायला जास्त थांबायचं नसतं. आकडा ५० ते १००० च्या मधे असेल तरीही बोलायला हवं आणि तीन महिन्यांनी पुन्हा पाहायला हवं.

समुपदेशनात "किती गोळ्या चुकवल्यास?" असं विचारलं की "एकही नाही" हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी म्हणा, "रोज गोळी घेणं सगळ्यांनाच कधी ना कधी जड जातं. गेल्या आठवड्यात तुला कोणत्या दिवशी सगळ्यात अवघड गेलं?" मग खरी कारणं बाहेर येतात. वसतिगृहात खोलीतल्या मुलांसमोर बाटली काढता येत नाही. सहलीला जाताना पिशवीत गोळ्यांचा आवाज होतो. रात्री अभ्यास करता करता झोप लागते. गोळीने झोप उडते, वजन वाढलंय असं वाटतं. घरात सांभाळणारी आजी आजारी पडली. मैत्रिणीने फोनमध्ये औषधाचं नाव शोधून काढलं.

प्रत्येक कारणाला वेगळा उपाय लागतो. झोप उडत असेल तर डोल्युटेग्राव्हिर सकाळी घेता येतं. चार-पाच दिवसांपुरत्या गोळ्या साध्या डबीत कापूस घालून ठेवल्या की आवाज होत नाही. तब्येत स्थिर असलेल्यांना तीन किंवा सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळाल्या की शाळा बुडत नाही. गोळी विसरली तर आठवताच घ्यावी. डोल्युटेग्राव्हिरच्या बाबतीत पुढच्या डोसला चार तासांपेक्षा कमी वेळ उरला असेल तर सोडून द्यावी आणि पुढची वेळेवर घ्यावी. दोन डोस एकदम कधीच नाही.

एका बैठकीत एकच अडचण आणि एकच उपाय ठरवा. पाच ठरवले की घरी जाईपर्यंत एकही लक्षात राहत नाही.

सहावी पायरी: "कशासाठी?" याचं उत्तर त्याचं त्याने शोधावं

भीती दाखवून गोळ्या काही दिवस जातात. "नाही घेतलंस तर मरशील" हे वाक्य अनेक मुलांनी लहानपणापासून ऐकलेलं असतं, काहींनी आईवडिलांना गमावलेलंही असतं. त्यांच्यापुढे मरण पुन्हा ठेवून काही मिळत नाही. या वयाला दूरचं आयुष्य दिसत नाही, पण पुढच्या महिन्यातली कबड्डीची निवड दिसते, चेहरा दिसतो, उंची दिसते, आवडती व्यक्ती दिसते. तिथून बोलणं सुरू करा.

माझी आवडती पद्धत अगदी सोपी आहे. विचारा, "रोज गोळी घेणं तुला किती महत्त्वाचं वाटतं? शून्य ते दहामध्ये सांग." मूल म्हणालं "चार", तर "एवढंच?" असं म्हणू नका. विचारा, "चार का? एक का नाही?" मग मूल स्वतःच गोळ्यांच्या बाजूने कारणं सांगू लागतं. त्याच्या तोंडून निघालेलं कारण तुमच्या दहा कारणांपेक्षा जास्त टिकतं. त्यानंतर विचारा, "चारचं पाच व्हायला काय लागेल?"

कधीकधी उत्तर येतं, "काहीच वाटत नाही, कशाचंच काही वाटत नाही." इथे गोळ्यांचा विषय बाजूला ठेवा. झोप, भूक, रडू, एकटं राहणं, शाळा टाळणं यांबद्दल विचारा. जीव द्यावासा वाटतो का, हेही सरळ, शांतपणे विचारा. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट बोलायला वाट मिळते. होकार आला तर मुलाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांपर्यंत पोहोचवा. नैराश्य असताना केलेलं गोळ्यांचं समुपदेशन बहुधा वाया जातं.

प्रेमाबद्दल बोलायला टाळू नका

या वयातल्या मुलामुलींना सर्वात जास्त छळणारा प्रश्न हा: "माझ्याशी कोण लग्न करेल? माझ्यामुळे त्याला होईल का?" याचं उत्तर विज्ञानाने फार आनंदाचं दिलं आहे. 'पार्टनर' नावाच्या अभ्यासात एका जोडीदाराला एचआयव्ही आणि दुसऱ्याला नाही, अशी जोडपी होती. २०१६ मध्ये आलेल्या निकालात कंडोमशिवाय सुमारे ५८ हजार वेळा संबंध आले होते, आणि उपचारांनी विषाणू दबलेल्या जोडीदाराकडून एकदाही संसर्ग झाला नव्हता. २०१९ मध्ये पुरुष जोडप्यांवरचा दुसरा टप्पा आला, तिथेही उत्तर शून्यच. व्हायरल लोड अनडिटेक्टेबल राहिला तर लैंगिक संबंधांतून एचआयव्ही पसरत नाही. हे वाक्य मुलांना त्यांच्या वयाला शोभेल अशा भाषेत, पण पूर्ण सांगा. कित्येकांच्या बाबतीत गोळी घ्यायचं पहिलं खरंखुरं कारण इथे सापडतं.

सोबत हेही सांगा: ही खात्री लैंगिक संबंधांपुरती आहे, सुई किंवा स्तनपान यांना ती जशीच्या तशी लागू होत नाही. इतर गुप्तरोग आणि नको असलेली गर्भधारणा यांसाठी कंडोम लागतोच. आणि कुणाला कधी सांगायचं, हा निर्णय त्या मुलाचा किंवा मुलीचा आहे. तुमच्या भागातला कायदा काय म्हणतो, ते मात्र आधी माहीत करून घ्या.

बरोबरीच्या वयाची सोबत

मोठ्यांनी शंभर वेळा सांगितलेलं एक वीस वर्षांची ताई एकदा सांगते आणि पटतं, कारण ती स्वतः त्याच गोळ्या घेते. झिम्बाब्वेतल्या 'झ्वांदिरी' या कार्यक्रमात एचआयव्हीसह जगणारी तरुण मुलंच प्रशिक्षण घेऊन इतर मुलांच्या घरी जातात, फोन करतात, गटात भेटतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ९६ आठवड्यांनंतर विषाणू दबलेला नसलेल्या किंवा मृत्यू झालेल्या मुलांचं प्रमाण नेहमीच्या सेवेत ३६ टक्के होतं, तर या कार्यक्रमातल्या मुलांत २५ टक्के. तुमच्या केंद्रात असा गट नसेल तर नियमित गोळ्या घेणाऱ्या दोन-तीन मोठ्या मुलांना विचारून बघा. त्यांना मानधन, प्रशिक्षण आणि बोलायला स्वतःचा समुपदेशक द्या. दुसऱ्यांची दुःखं ऐकणं सोपं नसतं.

मोठ्यांच्या विभागात जाताना

या बदलात बरीच मुलं उपचारांतून गळतात. तयारी वर्षभर आधी सुरू करा. मुलाला आपल्या औषधांची नावं, शेवटच्या व्हायरल लोडचा आकडा आणि पुढच्या तपासणीची तारीख स्वतः सांगता आली पाहिजे; गोळ्या संपायच्या आत पुढच्या घेऊन यायलाही जमलं पाहिजे. आकडा दबलेला असतानाच बदल केलेला बरा. इंजेक्शनच्या उपचाराबद्दल मोठी मुलं विचारतील. कॅबोटेग्राव्हिर आणि रिल्पिव्हिरिन ही दोन महिन्यांतून एकदा घ्यायची इंजेक्शनं आहेत आणि विषाणू आधीच दबलेला असलेल्या प्रौढांना व किशोरांना, जिथे ती उपलब्ध आहेत तिथे, देता येतात. पहिल्या भेटीला ओळखीचा समुपदेशक किंवा सोबती बरोबर जाऊ द्या, सगळ्या रिपोर्टांची एक प्रत मुलाच्या हातात द्या, आणि नव्या विभागातली दुसरी भेट होईपर्यंत जुन्या फाइलवरचं त्याचं नाव खोडू नका. ठरल्या तारखेला ते पोहोचलं नाही, तर त्याच आठवड्यात फोन करा, ज्या नंबरवर फोन केलेला चालेल असं त्याने स्वतः सांगितलं आहे त्याच नंबरवर.